गोवराच्या दप्तरातील कारभार



गेल्या महिन्यातील एका रविवारी आम्ही आशाताईंबरोबर मागच्या वस्तीत फिरत होतो. नऊ महिने पूर्ण झालेली पण गोवराची लस न टोचलेली मुले किती, याची यादी करायची होती. आमचे काम सोपे. घरोघरी जायचे, बाळाचे कार्ड मागायचे, तारीख पाहायची आणि वहीत लिहायचे. कचेरीत आम्ही आठवडाभर असेच काम करतो, रविवारी वस्तीत करतो, एवढाच फरक.

एका घरात दहा महिन्यांचा मुलगा आईच्या मांडीवर निजला होता. अंगावर उठलेला गोवर काळपट पडत आलेला, डोळे लाल, नाक वाहते. लसीची तारीख आली तेव्हा ही माउली नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर होती. कार्ड घरी पेटीत राहिले आणि तारीख निघून गेली. मुलाला ताप भरल्यावर ती दवाखान्यात जाऊन आली. तिथे बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस दिला, तापाचे औषध दिले, दूध-पाणी तोडू नका म्हणून सांगितले. ती आम्हाला म्हणाली,

"दादा, जुलाबाला औषध मिळतं, टीबीला मिळतं, कुत्रं चावलं तरी सुई मिळते. मग गोवर मारायचं औषध का देत नाहीत? आम्ही गरीब म्हणून?"

प्रश्न रास्त होता. दवाखान्याने काही लपवून ठेवले नाही, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण मग औषध का नाही, हे ठाऊक नव्हते. "विचारून सांगतो, ताई," म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो.

रात्री जेवताना घरी ही गोष्ट काढली. आमच्या आईने हातातला घास ताटात ठेवला. आमची थोरली बहीण १९८३ साली गावी गोवराने गेली. ती पाच वर्षांची, आम्ही तीन वर्षांचे. दोघांनाही एकदमच गोवर निघाला. आम्ही वाचलो. तिचे पुरळ गेले, ती अंगणात खेळू लागली आणि वीस दिवसांनी छाती भरून गेली. त्या काळी गावात गोवराला 'बाया आल्या' म्हणत. उशाशी कडुनिंबाचा पाला, पोराला आंघोळ नाही आणि घरात फोडणी बंद. तेलाचा चर्रर्र आवाज झाला की बाया कोपतात, अशी समजूत. आई त्या दिवसांविषयी सहसा बोलत नाही. त्या रात्री एवढेच म्हणाली, "नीट विचार. मलाबी सांग."

आम्ही पडलो बी.कॉम. विज्ञानाशी संबंध दहावीला संपला. पण भाची बी.एस्सी. करते. तिची पुस्तके आणली, तिला चार रात्री त्रास दिला, आणि जे समजले ते आज या सदरात मांडत आहोत. वाचून आम्हाला नवल वाटले ते याचे की गोवराचा विषाणू म्हणजे एक लहानशी कचेरीच आहे. तिथे दप्तर आहे, नकलनवीस आहे, हेडक्लार्क आहे, जावक विभागही आहे. आणि ही कचेरी थाटली जाते ती आपल्या लेकराच्या पेशीत!

उलट्या अक्षरांचे दप्तर

जुलाबाचे किंवा क्षयाचे जंतू स्वतंत्र जीव असतात. त्यांचे खाणे, वाढणे, भिंत बांधणे ज्याचे त्याचे. त्या कामात खीळ घालणारे औषध दिले की जंतू मरतो आणि आपल्या पेशींना फारशी इजा होत नाही. विषाणू तसा नाही. त्याला स्वतःचे घर नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिचाच माल, तिचीच यंत्रे वापरून आपल्यासारखे हजारो विषाणू तयार करतो.

तो स्वतःबरोबर आणतो ते एक दप्तर. आपले आनुवंशिक दप्तर डीएनएचे असते. गोवराचे आरएनए नावाच्या धाग्यावर लिहिलेले असते. लिपीत अक्षरे फक्त चार, आणि सगळा मजकूर १५,८९४ अक्षरांचा. एवढा मजकूर आपल्या साप्ताहिकाच्या दोन-तीन पानांत बसेल! त्यात प्रकरणे, म्हणजे जनुके, फक्त सहा. त्या सहांतून आठ प्रथिने तयार होतात. आपल्या शरीरात वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत. आठ नगांची ही टोळी एवढ्या मोठ्या घराला वेठीस धरते, ती शिस्तीच्या जोरावर.

आणखी एक खुबी आहे. हा मजकूर उलटा लिहिलेला असतो. कचेरीतला रबरी शिक्का हातात घेऊन पाहा. त्यावरची अक्षरे उलटी असतात, वाचता येत नाहीत. कागदावर उमटवल्यावर सुलटी होतात. गोवराचा आरएनए तसाच. पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला तो जसाच्या तसा वाचता येत नाही. आधी त्याची सुलटी प्रत काढावी लागते. आरएनएवरून अशी प्रत काढणारा नकलनवीस आपल्या पेशीकडे नसतो. म्हणून विषाणू आपला नकलनवीस घरूनच घेऊन येतो.

बासन, नकलनवीस आणि त्याचा सोबती

या नकलनवीसाचे नाव 'एल'. आठ प्रथिनांत हे सर्वांत मोठे. आरएनएची प्रत काढणे हे त्याचे काम. पण त्याला एकटे सोडले तर त्याच्याने काही होत नाही.

पहिली अडचण दप्तराची. उघडा आरएनए 'एल'ला चालत नाही. तो बासनात गुंडाळलेला असावा लागतो. जुन्या कचेऱ्यांत लाल कापडात बांधलेली दप्तरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना बासन सांगायला नको. गोवराचे बासन म्हणजे 'एन' नावाचे प्रथिन. 'एन'चा एक नग बरोबर सहा अक्षरे झाकतो. म्हणून दप्तराची एकूण अक्षरे सहाने निःशेष भागली जावी लागतात. नाही गेली तर नकलेचे काम नीट चालत नाही. शास्त्रज्ञ याला सहाचा नियम म्हणतात. आम्हा हिशेबाच्या माणसाला राहवले नाही. १५,८९४ ला ६ ने भागून पाहिले. २,६४९ आले, बाकी शून्य. म्हणजे एका विषाणूच्या दप्तराला 'एन'चे २,६४९ नग लागतात.

आपल्याकडे कागद बासनात गेला की काम थांबते. इथे बासनातच काम चालते!

दुसरी अडचण अशी की 'एल'ला बासनावर स्वतः पकड घेता येत नाही. तिथे 'पी' हा सोबती लागतो. 'पी' एका हाताने 'एल'ला धरतो, दुसऱ्या हाताने बासनाला, आणि पकडत-सोडत त्याला पुढे नेतो. 'पी'चे दुसरे काम नव्या 'एन'ची राखण करण्याचे. ताजे तयार झालेले 'एन' मोकळे सोडले तर दिसेल त्या आरएनएला चिकटेल. पेशीतल्या आरएनएलाही ते सोडणार नाही. 'पी' त्याला आवरून धरतो आणि गोवराच्या नव्या प्रतीपर्यंत नेऊन पोचवतो. कापड फुकट जात नाही.

कोणत्या नकला किती

आता व्यवस्थापन पाहा. सहा प्रकरणांचा क्रम ठरलेला आहे: एन, पी, एम, एफ, एच आणि शेवटी एल. नकलनवीस नेहमी पहिल्या पानापासून सुरुवात करतो. मधूनच कुठे सुरू करता येत नाही. प्रत्येक प्रकरण संपले की तो थांबतो, ती सुटी प्रत पेशीच्या हवाली करतो आणि पुढचे प्रकरण घेतो. पण दर थांब्यावर काही नकलनवीस दप्तर सोडून जातात. परिणाम असा की पहिल्या प्रकरणाच्या, म्हणजे 'एन'च्या प्रती सर्वांत जास्त निघतात आणि शेवटच्या 'एल'च्या सर्वांत कमी.

आणि गरजही तशीच असते! बासनाचे कापड पुष्कळ हवे, नकलनवीस थोडे पुरतात. कोणी अंदाजपत्रक केले नाही, कोणी सही केली नाही. प्रकरणांचा क्रम हेच अंदाजपत्रक.

सुरुवातीला अशा सुट्या प्रतीच निघतात. त्यावरून पेशी मुकाट्याने गोवराची प्रथिने बनवत राहते. पण नवा विषाणू तयार व्हायचा तर सबंध दप्तराची अखंड प्रत हवी. थांबत-थांबत लिहिणारा नकलनवीस अखंड लिहायला कधी लागतो? शास्त्रज्ञ मानतात की हा हुकूम 'एन'च्या साठ्यातूनच निघतो. पेशीत 'एन' भरपूर साठले की नवी प्रत लिहिली जात असतानाच ती बासनात बांधली जाऊ लागते. मग नकलनवीस प्रकरणाच्या शेवटची थांबण्याची खूण मानत नाही, शेवटपर्यंत जातो. आधी सुलटी अखंड प्रत, मग तिच्यावरून उलटी अखंड प्रत, म्हणजेच नव्या विषाणूचे मूळ दप्तर. कापड पुरेसे आले की मोठे काम सुरू, नाही तर किरकोळ काम चालू, असा हा व्यवहार.

हेडक्लार्क 'सी' आणि तार कापणारा 'व्ही'

सहा प्रकरणांतून आठ प्रथिने कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडला होता. 'पी'च्या एकाच प्रकरणातून तीन निघतात: पी, सी आणि व्ही.

'मामालाकडेआण' हे जोडून लिहिलेले वाक्य घ्या. एक जण वाचेल 'मामा, लाकडे आण'. दुसरा वाचेल 'मामाला कडे आण'. अक्षरे तीच, तोडायची जागा वेगळी, अर्थ निराळा. 'पी'च्या मजकुरावर वाचन थोडे पुढून, वेगळ्या जागी सुरू झाले की 'सी' हे प्रथिन बनते. 'व्ही'ची तऱ्हा वेगळी. नकलनवीस एका ठरलेल्या जागी अडखळतो आणि काही प्रतींत एक अक्षर जादा लिहितो. तिथून पुढचे सगळे वाचन सरकते. पहिला अर्धा भाग 'पी'सारखा, शेवट निराळा, असे 'व्ही' तयार होते. गोवरातील ही जादा अक्षराची युक्ती रोबर्टो कातानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिली. आमच्या कचेरीत असे जादा अक्षर पडले तर मेमो मिळतो. गोवराने चुकीचीच शाखा उघडली.

हे 'सी' काय करते ते कळायला वेळ लागला. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांना गोवराचा विषाणू त्याच्या मजकुराच्या डीएनए प्रतीवरून प्रयोगशाळेत उभा करता आला. मग मजकुरात हवा तो बदल करून पाहणे शक्य झाले. त्यांनी 'सी' नसलेला विषाणू बनवला. तो जगला, पण त्याचा कारभार विसकटला. नकलनवीस 'एल' अर्ध्या वाटेत मूळ दप्तर सोडू लागला आणि उलट फिरून आत्ताच लिहिलेल्या स्वतःच्या प्रतीचीच नक्कल करू लागला. अशा प्रतीची दोन्ही टोके एकमेकांना जुळतात आणि दुपदरी आरएनए तयार होतो.

दुपदरी आरएनए म्हणजे पेशीच्या दृष्टीने चोराचे पाऊल. निरोगी पेशीत तसा लांब दुपदरी धागा सहसा नसतो. म्हणून पेशीत काही प्रथिने पहाऱ्यावर बसलेली असतात. दुपदरी आरएनए दिसला की ती घंटा वाजवतात. पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडते, शेजारच्या पेशी सावध होऊन दारे लावून घेतात. हे इंटरफेरॉन आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडनला शोधून काढले.

म्हणजे 'सी' हा खरा हेडक्लार्क. स्वतः एक अक्षरही लिहीत नाही. नकलनवीसाला ओळीवर ठेवतो, अर्धवट आणि वेड्यावाकड्या प्रती पडू देत नाही. काम स्वच्छ झाले की पहारेकऱ्याला संशय येत नाही. आम्हाला वाटत होते की विषाणू जितक्या वेगाने वाढेल तितका जोरदार. तसे नाही. सुटलेले यंत्र त्याला परवडत नाही. गोवर जिंकतो तो यंत्र ताब्यात ठेवतो म्हणून.

एवढे करूनही एखादा पुरावा राहिलाच, तर 'व्ही' आहे. तो पहारेकऱ्यांपैकी एकाला धरून गप्प बसवतो. शिवाय इंटरफेरॉनचा निरोप बाहेरून आला तरी तो पेशीच्या आतल्या खोलीपर्यंत पोचू देत नाही. घंटेची तार कापावी, तसेच.

याचा परिणाम आपण घरात पाहतो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दहा दिवस जातात, पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा. एवढे दिवस नकला निघत असतात आणि पोर अंगणात हुंदडत असते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते इतरांना गोवर देऊ लागते. खोलीतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेल्या आणि पूर्वी गोवर न झालेल्या दहा जणांचा संपर्क आला तर त्यांतील नऊ जणांना तो लागू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे काय होत असेल, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

जावक विभाग

आता 'एम'. माल तयार झाला की तो बाहेर पाठवावा लागतो. 'एम' बासनात बांधलेल्या दप्तराला चिकटतो, नकलनवीसाचे काम आवरते घ्यायला लावतो आणि दप्तर पेशीच्या कडेला नेतो. तिथे 'एफ' आणि 'एच' ही बाहेरच्या वेष्टनावरची प्रथिने वाट पाहत असतात. नवा विषाणू पेशीचाच पापुद्रा पांघरून बाहेर पडतो. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर 'एम' म्हणजे जावक विभाग.

हा विभाग बंद पडला तर? वाटेल की बरेच झाले. पण तसे होत नाही. काही थोड्या मुलांत गोवर होऊन गेल्यावर विषाणू मेंदूच्या पेशींत दडून राहतो. तिथे सापडणाऱ्या विषाणूत 'एम'चा मजकूर बहुधा बिघडलेला असतो. माल बाहेर पडत नाही, पण दप्तर पेशीतून पेशीत सरकत राहते. बऱ्याचदा सात ते दहा वर्षांनी मुलगा अभ्यासात मागे पडू लागतो, झटके येऊ लागतात आणि हळूहळू सगळे हरपत जाते. या आजाराला डॉक्टर एसएसपीई म्हणतात. तो जीवघेणा आहे आणि आपल्या देशात आजही दिसतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका जास्त असतो. लसीमुळे तो होत नाही. लसीमुळे टळतो. वस्तीत उलटे सांगणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. गोवर मारणारे औषध का नाही?

एक, विषाणू आपल्याच पेशीची यंत्रे वापरतो. ती बंद पाडली तर लेकराच्याच जिवावर बेतेल. हल्ला करायचा तर केवळ त्याच्या मालकीच्या वस्तूवर, म्हणजे नकलनवीस 'एल'वर किंवा त्याच्या साथीदारांवर. तसे प्रयत्न चालू आहेत. २०१४ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांनी 'एल'ला रोखणारे तोंडाने घ्यायचे एक औषध फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर वापरले. गोवराच्या जवळच्या नात्यातला, कुत्र्यांना होणारा डिस्टेंपरचा विषाणू त्यांना दिला होता. ज्यांना वेळेवर औषध मिळाले ते फेरेट वाचले. पण माणसांच्या गोवरासाठी मंजूर झालेले असे औषध आजही नाही.

दोन, उशीर झालेला असतो. पुरळ म्हणजे रोगाची सुरुवात नव्हे. आपल्या शरीराचे शिपाई जागे होऊन गोवराने व्यापलेल्या पेशींवर तुटून पडतात, त्या लढाईची ती खूण आहे. तोवर नकलांचे बहुतेक काम उरकलेले असते.

तेव्हा ताई, आपण गरीब म्हणून हे औषध मिळत नाही, असे नाही. बंगल्यातल्या मुलालाही ते मिळत नाही. पण वीटभट्टीवर जावे लागते म्हणून लसीची तारीख चुकते, हे मात्र गरिबीचेच आहे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर उसळला आणि लहान लहान मुले दगावली. कोविडच्या काळात अनेकांच्या लसी राहून गेल्या होत्या. विषाणू कोणाची जात विचारत नाही, उत्पन्नाचा दाखला मागत नाही. तो फक्त लस न टोचलेले मूल आणि कोंदट खोली शोधतो. त्या दोन्ही गोष्टी आपल्याच वाट्याला जास्त येतात.

दवाखान्यात जे देतात तेही कमी मोलाचे नाही. 'अ' जीवनसत्त्वाने डोळे आणि जीव वाचतात. पाणी, दूध, पातळ वरण-भात चालू ठेवल्याने ताकद टिकते. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ पिईनासे झाले, गुंगीत गेले किंवा झटका आला तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि पुरळ गेले म्हणजे संपले, असे समजू नका. गोवराचा विषाणू शरीराच्या शिपायांच्या पेशींतच मुक्काम करतो. जुन्या रोगांची ओळख ज्या पेशी जपून ठेवतात त्याच तो नासवतो. २०१९ मध्ये नेदरलँडमधील लस न घेतलेल्या ७७ मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. गोवरानंतर त्यांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्धची प्रतिद्रव्ये ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर जाताना रखवालदाराची वहीच फाडून जातो. मग न्यूमोनिया, जुलाब, कानाचा पू यांना दार मोकळे.

औषधाच्या जागी लस

नकलनवीसाला नंतर अडवता येत नाही, तर शिपायांना आधीच चोराचा चेहरा दाखवून ठेवावा, ही लसीची कल्पना. १९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी डेव्हिड एडमनस्टन या शाळकरी मुलाकडून गोवराचा विषाणू मिळवला आणि प्रयोगशाळेत वाढवला. वेगवेगळ्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवत नेल्यावर त्याच्या मजकुरात अनेक ठिकाणी बदल झाले आणि तो दुबळा पडला. १९६३ मध्ये अमेरिकेत लस मंजूर झाली. हा दुबळा विषाणूही शरीरात नकला काढतो, पण त्याची कचेरी धड चालत नाही, घंटा वाजते आणि शिपाई कायमची ओळख धरतात. त्याच एडमनस्टन वंशातील वाणाची लस आज आपल्या पुण्यात तयार होते आणि अनेक देशांत जाते.

आपल्या देशाच्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ मध्ये आली. आता ती गोवर-रुबेला म्हणून मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बारा महिन्यांच्या आत. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. तारीख चुकली असली तरी जा, लस मिळते. गोवर होऊन गेला असला तरी बरे झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लस द्यायचीच, कारण तीत रुबेलाचीही लस आहे. नऊ महिन्यांना दिलेला एक डोस शंभरातील साधारण पंच्याऐंशी मुलांना वाचवतो. दोन डोस झाले की साधारण सत्त्याण्णव. म्हणून दुसरा चुकवू नका. आणि वस्तीत शंभरातील पंच्याण्णव मुलांचे दोन्ही डोस झाले, तर उरलेल्या पाचांपर्यंतही गोवराला वाट सापडत नाही. भट्टीवर, ऊसतोडीला, गावी कुठेही निघालात तरी बाळाचे कार्ड शिदोरीबरोबर बांधा. पोचाल तिथल्या आशाताईंना दाखवा.

हे सगळे आम्ही त्या माउलीला जाऊन सांगितले. तिचा मुलगा आता बरा आहे. महिना-दोन महिने त्याला जपायला सांगितले आहे.

मग घरी आईला सांगितले. बासन, नकलनवीस, हेडक्लार्क हे सगळे तिने शांतपणे ऐकून घेतले. मध्ये एकदाच विचारले, "पुरळ गेल्यावरबी छाती भरते म्हणतोस?" आम्ही हो म्हणालो. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "पंधरा दिवस मी घरात फोडणी दिली नव्हती. पोरगी खेळाया लागली म्हणून सोळाव्या दिवशी आमटीला लसणाची फोडणी दिली. तुम्ही दोघांनी पोटभर खाल्लं. ती गेली तवा समद्या म्हणाल्या, बाया जायच्या आधी फोडणी दिलीस. चाळीस वर्सं झाली. मग फोडणीनं नाय गेली ती?"

"नाही, आई. फोडणीनं नाही गेली. तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं. तेव्हा गावात लसच आली नव्हती."

आई पदराने डोळे पुसून आत गेली. चाळीस वर्षे हे तिच्या मनात होते आणि एका घरात राहून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ती आपण होऊन आमच्याबरोबर आली. बाकड्यावर बसून म्हाताऱ्या आयाबायांना सांगत होती, "बाया-बिया काय नसतं गं. फोडणी दे, पोराला पोटभर जेवू घाल, आन् तारखेला सुई टोच." आमच्या या लांबलचक लेखापेक्षा तिचे बोलणे बायकांना लवकर पटले. त्या दिवशी आमच्या यादीतील अकरा नावांपुढे खूण झाली. चार बाकी आहेत. ती चार मुले कोणाच्या शेजारी असतील, तर एवढे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांच्या घरी जाऊन कार्ड पाहा.